एका ‘ओके’ची किंमत

अपघात म्हटला की आपण आधी यंत्राकडे बोट दाखवतो. इंजिन बिघडले, ब्रेक लागले नाहीत, टायर फुटला. पण २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफ बेटावर ज्या दोन जम्बो विमानांची टक्कर झाली, ती दोन्ही धडधाकट होती. ती आकाशातही नव्हती, एकाच धावपट्टीवर होती. ५८३ माणसे गेली. विमान अपघातात एवढी माणसे ना त्याआधी कधी दगावली होती, ना त्यानंतर. म्हणून या घटनेकडे आम्ही यंत्राचा नव्हे, तर माणसांच्या बोलण्याचा इतिहास म्हणून पाहतो.

त्या दिवशी स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी ग्रान कनारिया येथील विमानतळावर फुटीरतावाद्यांनी बॉम्बस्फोट घडवला. विमानतळ बंद झाला आणि तिकडे निघालेली विमाने शेजारच्या तेनेरिफवरील लॉस रोदेओस या छोट्या विमानतळाकडे वळवण्यात आली. धावपट्टी एकच. जमिनीवरची विमाने दाखवणारे रडार नाही. बाजूचा टॅक्सी-मार्ग उभ्या विमानांनी अडलेला. त्यामुळे निघणाऱ्या विमानाला धावपट्टीवरूनच उलट टोकापर्यंत जाऊन, तिथे वळून उड्डाण करावे लागत होते. हॉलंडच्या केएलएम कंपनीचे विमान पुढे गेले आणि मागून अमेरिकेच्या पॅन अ‍ॅमचे विमान निघाले. पॅन अ‍ॅमने मध्येच एका फाट्यावर बाहेर पडायचे होते. तोवर डोंगरावरून धुके उतरले. दोन विमाने एकमेकांना दिसेनात आणि मनोऱ्यातल्या नियंत्रकाला दोन्ही दिसेनात. आता सगळी भिस्त उरली ती रेडिओवरच्या शब्दांवर.

दोन्ही विमाने धावपट्टीवर आली होती ती परवानगीनेच. परवानगी नव्हती ती एकाच गोष्टीची, केएलएमच्या उड्डाणाची. नियंत्रकाने त्या विमानाला उड्डाणानंतर कोणत्या मार्गाने जायचे ते सांगितले. त्या वाक्यात ‘टेक-ऑफ’ हा शब्द होता, पण ती उड्डाणाची आज्ञा नव्हती. सहवैमानिकाने सूचना परत वाचून दाखवली आणि शेवटी इंग्रजीत म्हटले, ‘आता आम्ही टेक-ऑफवर आहोत.’ म्हणजे उड्डाणाच्या जागी उभे आहोत, की उड्डाण सुरू केले आहे? डच भाषेत चालू क्रिया सांगण्याची जी लकब आहे तीच इंग्रजीत उतरली असावी, असे काही भाषाभ्यासकांनी सुचवले आहे. नियंत्रकाने पहिला अर्थ घेतला. तो म्हणाला, ‘ओके,’ आणि क्षणभर थांबून, ‘उड्डाणासाठी तयार राहा, मी सांगेन.’ त्याच क्षणी पॅन अ‍ॅमचा वैमानिकही बोलला की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन आवाज एकाच लहरीवर आले. केएलएमच्या कक्षात एक कर्कश शीळ उमटली. स्पष्ट ऐकू आला तो एकच शब्द, ‘ओके’.

तरीही वाचण्याची एक संधी उरली होती. विमान धावत असतानाच मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरच्या कानावर पॅन अ‍ॅमचे पुढचे बोलणे पडले. त्याने विचारले, ‘ते पॅन अमेरिकन अजून बाजूला झालेले नाही का?’ कॅप्टन ठामपणे म्हणाला, ‘झाले ना!’ पुन्हा कोणी काही विचारले नाही. काही सेकंदांत धुक्यातून समोरचे विमान दिसले. कॅप्टनने नाक वर उचलले, पण थोड्याच वेळापूर्वी भरलेल्या हजारो लिटर इंधनाचे ओझे पोटात होते. केएलएममधील सर्व २४८ जण गेले. पॅन अ‍ॅममधील ३९६ पैकी ६१ वाचले.

हा कॅप्टन, याकोब व्हेल्डहायझेन व्हान झांटेन, अननुभवी नव्हता. कंपनीतील जम्बो वैमानिकांच्या प्रशिक्षणाचा तो प्रमुख होता. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाला याच विमानासाठी पात्र ठरवणाराही तोच. त्या सहवैमानिकानेही आधी एकदा टोकले होते की परवानगी अजून मिळालेली नाही. तेव्हा कॅप्टन थांबला होता. दुसऱ्यांदा टोकायला मात्र जीभ धजली नाही. ज्याने आपल्याला शिकवले, त्याला दोनदा कसे अडवायचे?

यातून जग काही शिकले. ‘टेक-ऑफ’ हा शब्द यापुढे फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, इतर वेळी ‘डिपार्चर’ म्हणायचे, असा दंडक झाला. महत्त्वाच्या सूचनेला नुसते ‘ओके’ चालत नाही, ती शब्दशः परत म्हणावी लागते. १९७९ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेने याच प्रश्नावर कार्यशाळा घेतली. पुढे कनिष्ठाने शंका बोलून दाखवावी आणि वरिष्ठाने ती ऐकावी, याचे रीतसर शिक्षण सुरू झाले.

तरी धडा पुन्हा पुन्हा गिरवावा लागतो. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जण गेले. सौदी विमानात पोटासाठी आखाताकडे निघालेले आपलेच कितीतरी कामगार होते. कझाक विमान सांगितलेल्या उंचीच्या खाली आले होते. नियंत्रकाशी इंग्रजीत बोलणारा त्यांच्याकडे एक रेडिओ ऑपरेटर होता आणि बाकीचे त्याच्यावर विसंबून होते. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपानच्या तटरक्षक दलाचे विमान धावपट्टीवर शिरले. ‘तुमचा क्रमांक पहिला’ या नियंत्रकाच्या शब्दांनंतर आपल्याला आत जाण्याची परवानगी मिळाली आहे, असा त्याच्या कॅप्टनचा समज झाला होता. त्या विमानातील पाच जण दगावले. उतरत्या प्रवासी विमानातील ३७९ जण मात्र जळत्या विमानातून सुखरूप बाहेर पडले.

आपल्या घरांत, जमातींत, संस्थांत मोठ्यांना दुसऱ्यांदा विचारणे ही बेअदबी समजली जाते. अदब हवीच. ती सोडावी, असे आमचे म्हणणे नाही. पण तेनेरिफच्या धुक्यात अचूक प्रश्न विचारला तो सर्वांत मागे बसलेल्या माणसाने, आणि त्याला मिळालेले उत्तर ऐकून तो गप्प बसला. तो प्रश्न पुन्हा विचारायला दोन सेकंद लागले असते.