रशिया, मराठी शालेय वाचनातील

रशियाचा इतिहास, संस्कृती व नगरजीवन यांचा मराठी शाळकरी मुलांना घडलेला परिचय. हा परिचय क्रमिक पुस्तकांपेक्षा अवांतर वाचनातून अधिक झाला. माध्यमिक इयत्तांच्या इतिहासात रशियाला मुख्यतः १९१७ च्या राज्यक्रांतीच्या संदर्भात स्थान मिळाले. तेथील मुले घरी व शाळेत कशी वागतात, काय खातात, हे समजले ते मॉस्कोहून येणाऱ्या स्वस्त गोष्टींच्या पुस्तकांतून.

मराठवाड्यातील शिक्षकाला या विषयाचा आरंभ घराजवळूनही करता येतो. नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद हे काचीगुडा–मनमाड लोहमार्गावरील, तेलंगणाच्या सीमेलगतचे गाव. त्याच्या दक्षिणेस शंभराहून थोड्या अधिक किमी. अंतरावर बीदर आहे. त्व्हेर नगरीचा व्यापारी अफानासी निकीतिन सु. १४६९ मध्ये चौल बंदरी उतरून जुन्नरमार्गे या बहमनी राजधानीत आला. विक्रीसाठी आणलेला त्याचा घोडा जुन्नरच्या खानाने काढून घेतला आणि तो परत देण्यासाठी धर्मांतराची अट घातली. खोजा मुहंमद नावाच्या खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने ही आपत्ती टळली. निकीतिनच्या टिपणांत सुलतानाच्या मिरवणुकीचा थाट आहे, तसेच सरदारांचे ऐश्वर्य व खेड्यांतील रयतेचे दैन्यही आहे. परतीच्या वाटेवर, स्मोलेन्स्कला पोहोचण्यापूर्वीच तो मृत्यू पावला. त्व्हेर तेव्हा मॉस्कोहून वेगळे राज्य होते. तिसऱ्या इव्हानने ते १४८५ मध्ये आपल्या राज्यास जोडले. महमूद गावानच्या वधानंतर (१४८१) इकडे बहमनी सत्ता विघटित होत असताना तिकडे मॉस्कोची सत्ता एकवटत होती. ही समकालीनता ध्यानी आल्यास झारांच्या नामावळीपासून सुरुवात करण्याचे कारण उरत नाही.

विसाव्या शतकात प्रगती, रादुगा इ. मॉस्कोच्या प्रकाशनसंस्थांनी मराठीत बालपुस्तके काढली. मुंबईच्या लोकवाङ्‌मय गृहासारख्या संस्थांनी ती वाचकांपर्यंत पोहोचविली. अनुवादकांत अनिल हवालदार यांचे नाव विशेष उल्लेखनीय आहे. अर्कादी गैदारच्या ‘चुक आणि गेक’ (मूळ रशियन १९३९) या कथेतील दोघे भाऊ आईबरोबर मॉस्कोहून आगगाडीने तैगातील वडिलांकडे जातात. रेल्वेच्या गावी वाढलेल्या मुलास यातील प्रवास ओळखीचा, बर्फ मात्र सर्वस्वी अपरिचित! व्हिक्टर द्रागूनस्कीच्या देनिस-कथांत शहरी सदनिका, अंगण व सर्कस यांचे जग आहे. एका कथेत क्रेमलिन दाखविण्याचे आमिष मिळूनही देनिस नावडती रव्याची लापशी खिडकीबाहेर ओततो आणि ती वाटसरूच्या टोपीवर पडते. मॉस्को हे बिऱ्हाडे असलेले गाव आहे, हे अशा प्रसंगांतून नकाशापेक्षा लवकर कळते. ‘सोव्हिएत लँड’ या पाक्षिकाच्या गुळगुळीत पानांचा उपयोग मुलांनी वह्यांना वेष्टने घालण्यासाठीही केला.

या वाङ्‌मयाला राज्यसंस्थेचा हेतू होता, हे नाकारता येणार नाही. गैदारची कथा प्रसिद्ध झाली, ती १९३७-३८ च्या व्यापक अटकसत्र व देहदंडांनंतर लगेच. कथेत मात्र वडील केवळ कामासाठी दूर आहेत. १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेन व अन्यत्र लक्षावधी माणसे मेली. त्याविषयी सोव्हिएत बालपुस्तके मौन पाळतात. म्हणून ती टाकून द्यावीत असे नव्हे. परंतु वर्गात ती वाचताना ही सनावळी फळ्यावर असणे आवश्यक आहे.

मराठी लेखकांत अण्णा भाऊ साठे (१९२०–६९) यांनी स्टालिनग्राडच्या लढ्यावर पोवाडा रचला (१९४३) आणि १९६१ मध्ये सोव्हिएत संघाचा प्रवास करून ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिले. स्टालिनग्राडचे नाव त्याच वर्षी व्होल्गोग्राड झाले. १९२५ पूर्वी ते त्सारीत्सिन होते. सेंट पीटर्सबर्ग (स्थापना १७०३) हे १९१४ मध्ये पेट्रोग्राड, १९२४ मध्ये लेनिनग्राड व १९९१ मध्ये पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झाले. त्याच वर्षी सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि मॉस्कोहून येणाऱ्या मराठी पुस्तकांचा ओघ थांबला. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्को येथील परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात साठे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. निकीतिनचा स्मारकस्तंभ चौलनजीक रेवदंडा येथे एका शाळेच्या आवारात आहे.