मात्रेचें शास्त्र : नागपूरचें पाणी आणि क्लोरिन

पाण्याला संस्कृतांत ‘जीवन’ असें एक अन्वर्थक नांव आहे. परंतु तेंच पाणी दूषित झालें म्हणजे जीवनाचा नाश करण्यासही समर्थ होतें. क्लोरिन वायूची गोष्ट याच्या अगदीं उलट आहे. २२ एप्रिल १९१५ रोजीं बेल्जममधील ईप्र या गांवाजवळच्या रणभूमीवर जर्मन सैन्यानें हा हिरवट पिवळा वायु सोडला आणि खंदकांतील सैनिक गुदमरून मेले. तोच वायु लिटरभर पाण्यांत मिलिग्रॅमच्या हिशेबानें मिसळला असतां पटकी व विषमज्वर यांपासून सबंध शहरांचें रक्षण करतो. भेद आहे तो केवळ मात्रेचा. ही मात्रा बरोबर साधण्याचें शास्त्र कसें वाढलें, हें पाहण्यास नागपूरसारखें दुसरें योग्य स्थळ क्वचितच सांपडेल.

जुन्या नागपुराचें पाणी म्हणजे विहिरींचें व तलावांचें. गोंड राजा चांद सुलतान यानें बांधविलेला जुम्मा तलाव, जो पुढें शुक्रवारी तलाव व नंतर गांधीसागर या नांवानें प्रसिद्ध झाला, आणि भोसल्यांच्या कारकीर्दींतील अंबाझरी हीं त्यांपैकीं ठळक नांवें होत. १८६४ सालीं नगरपालिका स्थापन झाली आणि त्यानंतर अलेक्झांडर बिनी या इंग्रज एंजिनियरनें अंबाझरीचा बांध उंच करून तेथील पाणी नळानें शहरांत आणिलें. हें काम १८७३ सालीं पुरें झालें. पाऊस किती पडतो व त्यांपैकीं किती पाणी वाहून तलावांत येतें, याचीं बिनीनें नागपुराजवळ केलेलीं मोजमापें भारतीय जलशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत अद्यापि शिकविलीं जातात. हाच बिनी पुढें लंडन कौंटी कौन्सिलचा मुख्य एंजिनियर झाला. अंबाझरीनंतर गोरेवाडा, कन्हान व पेंच असे एकामागून एक जलाशय व नद्या शहराच्या उपयोगीं आल्या.

परंतु पाणी पुरेसें असणें निराळें आणि निर्दोष असणें निराळें. १८८४ सालीं रॉबर्ट कॉक यानें कलकत्त्यांत पटकीचे जंतु रोग्यांच्या देहांत व तेथील एका तळ्याच्या पाण्यांतही दाखवून दिले. शत्रु दिसला, पण शस्त्र अजून हातीं यावयाचें होतें. आग्ऱ्याचा शास्त्रज्ञ हँकिन यानें विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला, आणि पटकीच्या सांथींत विहिरीचें पाणी जांभळें दिसणें ही हिंदुस्थानांतील एक परिचित गोष्ट झाली. तिकडे अमेरिकेंत जर्सी सिटी शहराच्या पाण्यांत १९०८ सालीं डॉ. जॉन लील यांनीं क्लोरिनयुक्त चुना सतत मिसळण्यास प्रारंभ केला. पाण्यांत विष घालतात, अशी ओरड झाली व प्रकरण न्यायालयांत गेलें. तेथें ही योजना निर्धोक व परिणामकारक ठरली आणि पाहतां पाहतां तिचा प्रसार सर्व जगभर झाला.

पिण्याच्या पाण्यांत क्लोरिन घालून अर्धा तास ठेवावें आणि जंतूंचा संहार होऊन लिटरमागें निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन शिल्लक उरावें, असा दंडक आहे. ही शिल्लक म्हणजे नळांतून पुढें जाणाऱ्या पाण्याबरोबर दिलेला पहारेकरीच होय. पण ज्या खेड्यांत नळ नाहीं तेथें काय करावें? या प्रश्नाचें उत्तर नागपूरनें दिलें. १९५८ सालीं येथें केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ पासून ती ‘नीरी’ या नांवानें ओळखली जाते. या संस्थेनें दुहेरी मडक्याची युक्ति काढली. एक किलो ब्लीचिंग पावडर व दोन किलो जाडी वाळू किंचित् ओली करून आंतल्या मडक्यांत भरावी, तें मडकें बाहेरच्या मडक्यांत ठेवावें आणि ही जोडी विहिरीच्या पाण्यांत निदान एक मीटर खोल सोडावी. आंतल्या मडक्यास कांठाजवळ व बाहेरच्यास तळाशेजारीं एक एक भोंक असतें. त्यांतून औषध झिरपत राहतें, आणि सुमारें ४,५०० लिटरांची घरगुती विहीर दोन ते तीन आठवडे सुरक्षित राहते. यंत्र नाहीं, वीज नाहीं. कुंभाराच्या मडक्यानें मात्रेचा प्रश्न सोडविला!

पोहण्याच्या सार्वजनिक तलावाचा प्रश्न मात्र याहून अवघड आहे. विहिरींतून पाणी उपसलें जातें व नवें येतें. तलावांत तेंच पाणी फिरून फिरून वापरलें जातें आणि उन्हाळ्याच्या सुटींत शेंकडों मुलें त्यांत उतरतात. पूर्वीं तलाव रिकामा करून पुन्हां भरणें हाच उपाय असे. १९१० च्या सुमारास अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या तलावांत क्लोरिनचा प्रयोग झाला आणि गाळणयंत्र व क्लोरिन यांची जोडी रूढ झाली. नागपूरसारख्या शहरांत, जेथें मे महिन्यांतील ऊन ४५ अंशांपर्यंत चढतें, तेथें आणखी एक अडचण येते. सूर्यप्रकाशानें पाण्यांतील क्लोरिन झपाट्यानें नष्ट होतो. सकाळीं घातलेली मात्रा दुपारीं उरेलच असें नाहीं.

येथें हिशेबाचें महत्त्व कळतें. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद व सरासरी २ मीटर खोल अशा तलावांत २५ लक्ष लिटर पाणी मावतें. लिटरमागें एक मिलिग्रॅम क्लोरिन वाढवावयाचा तर अडीच किलो क्लोरिन लागेल. ताज्या ब्लीचिंग पावडरींत त्याचें प्रमाण शेंकडा ३३ धरल्यास ती साडेसात किलो घ्यावी लागेल. पण ही पावडर उष्णतेनें व दमटपणानें निःसत्त्व होते. तें प्रमाण शेंकडा २० वर आलें तर साडेबारा किलो लागेल. म्हणून अंदाजानें घमेलें ओतणारा मनुष्य एके दिवशीं मुलांना जंतूंच्या स्वाधीन करतो आणि दुसरे दिवशीं त्यांचे डोळे व त्वचा भाजतो. सामान्यतः मुक्त क्लोरिन लिटरमागें १ ते ३ मिलिग्रॅम असावा, व तो दिवसांतून अनेकदां रंगपरीक्षेनें मोजावा.

केवळ क्लोरिन मोजून भागत नाहीं. पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ यांमध्यें राखावा लागतो. सामू ७.५ असतां क्लोरिनचा सुमारें निम्मा भाग जंतुनाशक रूपांत असतो. ८ झाला कीं तो पावावर येतो. म्हणजे आंकडा तोच, पण शक्ति निम्मी! लोकसमजुतीचीही येथें दुरुस्ती केली पाहिजे. तलावाला उग्र वास येऊन डोळे चुरचुरूं लागले म्हणजे ‘क्लोरिन फार झाला’ असें म्हणतात. बहुधा वस्तुस्थिति उलट असते. घाम व लघवी यांतील द्रव्यांशीं संयोग पावून क्लोरिनचीं जीं संयुगें बनतात, त्यांचा तो वास होय. तलावांत शिरण्यापूर्वीं अंग धुण्याचा नियम शिष्टाचारासाठीं नाहीं. तो रसायनशास्त्राचा नियम आहे.

सर्वांत मोठा धोका मात्र पाण्यांत नसून औषधांच्या खोलींत असतो. ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइट यांत आम्ल मिसळलें कीं ईप्रचाच वायु निर्माण होतो. म्हणून दोहोंचे सांठे, मापें व बादल्या निराळ्या असाव्या. औषध पाण्यांत टाकावें. पाणी औषधावर ओतूं नये. पाणी फिरविणारा पंप बंद पडतांच औषध सोडणारे पंपही आपोआप बंद झाले पाहिजेत. अन्यथा नळांत दोन्ही द्रव्यें एकत्र सांचतात, आणि पंप पुन्हां सुरू होतांच वायूचा लोट पोहणाऱ्यांच्या तोंडावर येतो. हा वायु हवेच्या अडीच पट जड असल्यामुळें जमिनीलगत पसरतो. गळती झाल्यास वाऱ्याच्या उलट दिशेनें, उंच जागीं निघून जावें. पावडर हातानें टाकावयाची ती तलाव रिकामा असतांना, सायंकाळीं. आणि मोजमाप झाल्यावांचून सकाळीं दार उघडूं नये.

क्लोरिनलाही मर्यादा आहेत. क्रिप्टोस्पोरिडियम नांवाचा परोपजीवी नेहमींच्या मात्रेंत कित्येक दिवस जिवंत राहतो. यास्तव जुलाब होत असलेल्या मुलास पालकांनीं तलावावर पाठवूं नये. मात्रेची नोंदवही भिंतीवर सर्वांना दिसेल अशी टांगावी. वेळ, क्लोरिन, सामू व नोंद करणाराची सही एवढे चार रकाने पुरेत. मुलाचें नांव नोंदविण्यापूर्वीं आईबापांनीं शुल्काचा तक्ता पाहतात तशीच ही वहीही पाहावी, आणि ती कोरी आढळल्यास व्यवस्थापकांना जाब विचारावा.