मॉल : आधी फिरायची जागा, मग खरेदीची



आपल्या आचोळ्यात खरेदीच्या जागांना किती नावं आहेत बघा. भाजीला मार्केट, धान्याला किराणा दुकान, गावाकडे आठवडी बाजार, आणि सुट्टीच्या दिवशी मुलांच्या तोंडी एकच शब्द, मॉल. बाजार हा शब्द फारसीतून आला, हाट संस्कृत 'हट्ट' या शब्दावरून. दोन्ही पहिल्यापासून देवघेवीचेच. शेजारचं सोपारा तर प्राचीन शूर्पारक बंदर, कार्ल्याच्या लेण्यातल्या शिलालेखांतही त्याचं नाव आहे. म्हणजे व्यापार आपल्या मातीला नवा नाही. पण 'मॉल' या शब्दाचा खरेदीशी मुळात काही संबंधच नव्हता!

तो एका खेळाचा शब्द आहे. इटालियन भाषेत 'पाल्ला' म्हणजे चेंडू आणि 'माल्यो' म्हणजे लाकडी हातोडा. हातोड्याने चेंडू टोलवायचा हा खेळ फ्रान्समार्गे इंग्लंडात गेला आणि तिथे त्याला 'पॅल मॅल' म्हणू लागले. सतराव्या शतकात राजा दुसरा चार्ल्स लंडनच्या सेंट जेम्स पार्कात तो खेळत असे. खेळासाठी झाडांच्या रांगांमधून लांब, सरळ पट्टा केलेला असे. पुढे खेळ मागे पडला, पट्टा राहिला, आणि लोक तिथे फिरायला येऊ लागले. म्हणून 'मॉल' म्हणजे सावलीतून फिरायचा रस्ता.

हाच अर्थ घेऊन इंग्रज आपल्याकडे आले. सिमला, मसुरी, नैनिताल, दार्जिलिंग, जिथे जाल तिथे मॉल रोड आहेच. साहेब-मडमांनी संध्याकाळी फेरफटका मारायचा तो रस्ता. कडेला दुकानं लागली, पण नाव फिरण्यावरूनच पडलेलं.

खरेदीचा अर्थ चिकटला तो अमेरिकेत. व्हिक्टर ग्रुएन नावाचे वास्तुरचनाकार 1938 साली नाझींपासून जीव वाचवून व्हिएन्नाहून तिथे गेले. अमेरिकेत जो तो गाडीतून हिंडतो, माणसं एकमेकांना भेटतच नाहीत, याची त्यांना खंत होती. 1956 मध्ये मिनेसोटा राज्यातल्या इडायना गावी त्यांनी साउथडेल सेंटर उभं केलं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी असो की उन्हाळा, आत हवा बेताची, मध्ये मोठा चौक, चहूबाजूंनी दुकानं. जुन्या शहरातल्या चौकासारखी लोकांनी इथे जमावं, ही त्यांची इच्छा. पुढे व्यापाऱ्यांनी त्यातली दुकानं तेवढी उचलली. हे पाहून ग्रुएन इतके नाराज झाले की उतारवयात त्यांनी अशा मॉलशी आपलं नातंच नाकारलं.

मुंबईत हाजी अलीजवळ 1999 साली क्रॉसरोड्स हा मॉल उघडला. बघ्यांची इतकी गर्दी झाली, की सुरुवातीला क्रेडिट कार्ड किंवा मोबाईल असणाऱ्यांनाच आत सोडत, बाकीच्यांना प्रवेशाचे पैसे पडत. फिरण्यावरून नाव पडलेल्या जागेत फिरायलाच पैसे! पुढे त्याचं सोबो सेंट्रल झालं.

हे सगळं सांगायचं कारण असं. आपल्यापैकी कितीतरी जणी सासूबाईंना, मुलांना घेऊन मॉलमध्ये जातात त्या गारव्यासाठी आणि सपाट, स्वच्छ फरशीवर चार पावलं चालता यावं म्हणून. वन-रूम-किचनमध्ये दिवस काढणाऱ्या बाईला बाहेर बसायला बाग तरी किती आहेत? मग रिकाम्या हाताने परतताना उगीच ओशाळल्यासारखं होतं, आणि नको असलेली एखादी वस्तू पिशवीत येते.

श्रावकाच्या बारा व्रतांत भोगोपभोग परिमाण सांगितलं आहे. एकदाच वापरून संपतं ते भोग, जसं अन्न. पुन्हापुन्हा वापरतो ते उपभोग, जसे कपडे, दागिने. दोन्हींची मर्यादा आधी ठरवायची. दुकानाच्या झगमगाटात उभं राहून ती ठरत नाही, घरातून निघतानाच ठरवावी लागते. काय घ्यायचं आणि किती, हे उंबऱ्याच्या आत मनाशी पक्कं करा. काहीच घ्यायचं नसेल तर तेही पक्कं करा.

आणि मग खुशाल फिरा. काही न घेता मॉलमध्ये चक्कर मारून येणारी बाई त्या शब्दाचा जुना अर्थच जपत असते. त्यात लाजण्यासारखं काही नाही.