वरळी कोळीवाडा : सण, समुद्र आणि मोकळ्या वाटेचा आग्रह

मुंबईच्या नकाशावर माहीमच्या उपसागराच्या दक्षिण टोकाशी जमिनीची एक चिंचोळी पट्टी समुद्रात शिरलेली दिसते. या पट्टीवर वरळीचा कोळीवाडा वसला आहे. तिन्ही बाजूंनी पाणी, टोकाला लहानसा किल्ला आणि पाठीमागे गगनचुंबी इमारतींची रांग असे या गावाचे आजचे रूप आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून भरधाव जाणाऱ्या मुंबईकराला हे गाव काही क्षण दिसते आणि नजरेआड होते. मात्र मुंबई ज्या सात बेटांची मिळून झाली, त्यांपैकी वरळी हे एक बेट होते आणि महानगर आकाराला येण्याच्या कितीतरी आधीपासून येथे कोळी समाजाची वस्ती होती, हे विसरून चालणार नाही.

बेट, बांध आणि किल्ला

मुंबई परिसर १५३४ मध्ये वसईच्या तहाने पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. १६६१ च्या विवाह कराराने तो इंग्लंडच्या राजाकडे आला आणि १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवण्यात आला. त्यानंतर इंग्रजांनी १६७५ च्या सुमारास वरळीच्या टेकाडावर किल्ला उभारला. उपसागरात शिरणारी शत्रूची गलबते आणि चाचे यांच्यावर नजर ठेवणे हा त्यामागचा उद्देश होता. समोर माहीमचा किल्ला आणि पलीकडे वांद्र्याचा पोर्तुगीज किल्ला असल्याने माहीमच्या खाडीचे तोंड तिन्ही बाजूंनी नजरेच्या टप्प्यात राहत असे. वरळी किल्ल्याची बांधणी साधी आहे. घंटेचा लहान मनोरा, विहीर, हनुमानाचे मंदिर आणि व्यायामशाळा असा त्याचा परिसर गावकऱ्यांच्या रोजच्या वापरात आहे. वारसा म्हणून कुलूपबंद न होता गावाच्या अंगणासारखा वापरला जाणारा किल्ला, हे त्याचे वेगळेपण म्हणता येईल.

वरळी आणि मुंबई बेट यांच्यामधल्या खाचेतून भरतीचे पाणी आत शिरत असे आणि मधला सखल भाग जलमय होई. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या काळात ही खाच बांध घालून बंद करण्यात आली. १७८४ च्या सुमारास पूर्ण झालेला हा बांध 'हॉर्नबी वेलार्ड' म्हणून ओळखला जातो. त्यानंतर वरळी बेट म्हणून वेगळी उरली नाही. मुंबईच्या भरावाचा इतिहास येथूनच वेग घेतो आणि कोळीवाड्यांच्या पाण्याशी असलेल्या नात्यातील पहिला मोठा फेरफारही याच बांधाने घडवला.

गोल्फादेवीची टेकडी

गावाचे श्रद्धास्थान म्हणजे टेकडीवरील गोल्फादेवीचे मंदिर. पौष महिन्यात शाकंभरी पौर्णिमेच्या सुमारास येथे जत्रा भरते. नवी होडी पाण्यात लोटणे, लग्न जमवणे किंवा घरातील महत्त्वाचा निर्णय घेणे अशा प्रसंगी देवीला कौल लावण्याची प्रथा आहे. वरळीबाहेर स्थायिक झालेली कुटुंबेही जत्रेला आवर्जून येतात. माहेरवाशिणींसाठी तर ती वर्षाची हक्काची भेट असते.

मुंबईतील अनेक कोळी घराण्यांचे कुलदैवत असलेल्या कार्ल्याच्या एकवीरा देवीचे स्थानही येथील श्रद्धाविश्वात मोठे आहे. चैत्रातील यात्रेला मुंबई, ठाणे आणि रायगडच्या कोळीवाड्यांतून पालख्यांसह भाविक निघतात. समुद्रावर जगणारा समाज सह्याद्रीतील देवीला कुलस्वामिनी मानतो, ही बाब अभ्यासकांना आकर्षित करते. कार्ल्याचे प्राचीन चैत्यगृह आणि एकवीरेचे देऊळ शेजारी शेजारी आहेत. बंदर आणि घाट यांना जोडणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेवरच हे स्थान येते.

नारळी पौर्णिमा आणि शिमगा

कोळीवाड्याचे वर्ष दिनदर्शिकेपेक्षा समुद्राच्या कलाने चालते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि अनेक माशांचा हा प्रजननाचा काळ असतो. त्यामुळे या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवण्याची रीत जुनी आहे. आज शासनाचा नियमही त्याला जोडून आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. बंदीच्या काळात होड्यांची डागडुजी होते, नवा रंग चढतो, फाटलेली जाळी विणली जातात आणि घरोघरी साठवलेल्या सुक्या मासळीवर कालवण निघते.

श्रावणात येणारी नारळी पौर्णिमा ही या विश्रांतीची पारंपरिक सांगता होय. सोनेरी वेष्टनात सजवलेला नारळ वाजतगाजत बंदरावर नेला जातो. पुरुष सुरका आणि टोपी अशा पारंपरिक वेषात, तर स्त्रिया ठेवणीतले लुगडे, सोन्याचे दागिने आणि केसांत वेणी अशा साजात मिरवणुकीत सामील होतात. समुद्राला नारळ अर्पण करून 'शांत हो, आमच्या माणसांना सांभाळून परत आण' असे मागणे मागितले जाते. घरी नारळीभात होतो. बाहेरच्यांना हा केवळ रंगीबेरंगी सोहळा वाटतो. परंतु ज्या घरातील कर्ता पुरुष दुसऱ्या दिवशी होडी घेऊन निघणार असतो, त्या घरासाठी या प्रार्थनेचा अर्थ शब्दशः असतो.

शिमग्याचा उत्साहही तितकाच मोठा. मुंबईत इतरत्र होळी पेटण्याच्या आदल्या रात्रीच अनेक कोळीवाड्यांत होळी पेटते. 'हावलूबाय' म्हणून होळीला देवीच्या रूपात पुजले जाते आणि तिच्याभोवती स्त्रिया फेर धरतात. होड्या पताकांनी सजवून त्यांचीही पूजा होते. ज्या साधनावर पोट चालते, त्याला घरच्या माणसाप्रमाणे मान देण्याची ही रीत आहे. लग्नातील हळदीचा सोहळा, कोळी बँडच्या तालावरची वरात आणि गावजेवणे यांतूनही हेच सामुदायिक जीवन दिसते. गेल्या दोन दशकांत वेसाव्यासह मुंबईच्या काही कोळीवाड्यांत मासळी खाद्यमहोत्सव भरू लागले आहेत. भरलेले पापलेट, तळलेले बोंबील, चिंबोरीचा रस्सा आणि तांदळाची भाकरी यांच्या निमित्ताने शहरातील इतर लोक गावात येतात आणि कोळी स्त्रियांच्या हातच्या पाककलेला उत्पन्नाची जोड मिळते.

खडकाळ किनाऱ्यावरील रोजगार

वरळीची मासेमारी ही प्रामुख्याने लहान होड्यांची आणि किनाऱ्याजवळची आहे. ससून डॉकसारख्या मोठ्या बंदरातून दिवसचे दिवस खोल समुद्रात राहणाऱ्या ट्रॉलरशी तिची तुलना होऊ शकत नाही. येथील किनारा खडकाळ आहे आणि तीच त्याची संपत्ती आहे. खडकांच्या कपारीत शेवंड आणि चिंबोऱ्या वाढतात, खडकांना कालवे चिकटतात आणि उथळ पाण्यात लहान मासळीला आसरा मिळतो. ओहोटीच्या वेळी स्त्रिया कालवे फोडण्यासाठी खडकांवर उतरतात. यासाठी ना होडी लागते ना डिझेल. त्यामुळे विधवा आणि वृद्ध स्त्रियांनाही या खडकांचा आधार असतो.

उधाणाची भरती केव्हा, भांगाची केव्हा, कोणत्या तिथीला पाणी किती ओढ घेईल आणि कोणत्या खडकावर कोणती मासळी मिळेल, हे ज्ञान पिढ्यानपिढ्या तोंडी चालत आले आहे. पुरुषांनी मासळी आणायची आणि स्त्रियांनी ती विकायची, या विभागणीमुळे घरचा आर्थिक व्यवहार बहुतांशी स्त्रीच्या हाती राहतो. कोळणीच्या करारी स्वभावाबद्दल मराठीत बरेच बोलले जाते. त्यामागे रोख व्यवहारातून आलेला हा अधिकार आहे.

खांबांमधील अंतराचा प्रश्न

वरळीच्या अलीकडच्या इतिहासातील सर्वात मोठी घडामोड सागरी किनारा मार्गाशी निगडित आहे. ३० जून २००९ रोजी वांद्रे-वरळी सागरी सेतू वाहतुकीस खुला झाला, तेव्हाच गावासमोरील पाण्यात खांब उभे राहिले होते. त्यानंतर प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपूल ते सागरी सेतूचे वरळी टोक असा १०.५८ किलोमीटरचा किनारा मार्ग मुंबई महापालिकेने हाती घेतला आणि २०१८ मध्ये काम सुरू झाले. भरावाखाली खडकाळ किनाऱ्याचा काही भाग जाणार असल्याने वरळीच्या मच्छीमारांनी, तसेच पर्यावरणविषयक संस्थांनी न्यायालयात दाद मागितली. मुंबई उच्च न्यायालयाने १६ जुलै २०१९ रोजी प्रकल्पाची किनारा नियमन मंजुरी रद्द ठरवली. मात्र १७ डिसेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या निकालास स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झाले. २०२० मध्ये वरळी आणि हाजीअली येथील प्रवाळांच्या १८ वसाहती अन्यत्र हलवण्यात आल्या. मुंबईच्या किनाऱ्यावर प्रवाळ आहेत, ही बाब अनेक नागरिकांना तेव्हाच प्रथम समजली.

यानंतर वाद एका नेमक्या मुद्द्यावर आला. क्लीव्हलँड बंदरातून खुल्या समुद्रात जाणाऱ्या होड्यांच्या वाटेवर पुलाचे खांब येणार होते आणि दोन खांबांमधील अंतर ६० मीटर ठेवण्याचे नियोजन होते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अहवालाच्या आधारे हे अंतर पुरेसे असल्याचे महापालिकेचे म्हणणे होते. मच्छीमारांचे म्हणणे वेगळे होते. कागदावर होडीची रुंदी मोजून अंतर ठरवता येते. परंतु वारा, लाटा आणि भरतीची ओढ यांमुळे होडी सरळ रेषेत जात नाही आणि समोरून दुसरी होडी येत असेल तर धोका वाढतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांनी याहून बरेच अधिक अंतर ठेवण्याची मागणी केली. २०२१ च्या उत्तरार्धात होड्या समुद्रात उभ्या करून त्यांनी या भागातील काम रोखले.

हा लढा वर्षभराहून अधिक काळ चालला. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने खांबांमधील अंतर १२० मीटर करण्याचा निर्णय जाहीर केला. सात ते नऊ या क्रमांकांच्या खांबांमधील एक खांब त्यासाठी वगळण्यात आला. पुढे किनारा मार्ग सागरी सेतूला जोडण्यासाठी लांब पल्ल्याच्या कमानदार तुळया वापरण्यात आल्या. त्यांपैकी १३६ मीटर लांबीची पहिली तुळई २६ एप्रिल २०२४ रोजी आणि दुसरी मे महिन्यात बसवण्यात आली. किनारा मार्गाचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये खुला झाला, तर सप्टेंबर २०२४ मध्ये तो सागरी सेतूशी जोडला गेला. मोठ्या प्रकल्पाच्या आराखड्यात मच्छीमारांच्या अनुभवावरून असा बदल होणे ही दुर्मीळ घटना होय. मात्र भरावाखाली गेलेले खडक त्यामुळे परत आलेले नाहीत, हेही तितकेच खरे.

गावठाणाची सीमा

पाण्यातील वाटेइतकाच जमिनीचा प्रश्न गंभीर आहे. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांचे सर्वेक्षण करून त्यांना स्वतंत्र दर्जा देण्याची तरतूद होती. पुढे शहराचा २०३४ पर्यंतचा विकास आराखडा आला आणि कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा विषय ऐरणीवर आला. घरे दाटीने वसलेली, गल्ल्या अरुंद आणि मालकीचे जुने कागद अपुरे, यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला कोळीवाडा आणि झोपडपट्टी यांतील फरक दिसत नाही. कोळीवाड्याला झोपडपट्टी ठरवून पुनर्विकास करण्याच्या कल्पनेला समाजाचा विरोध आहे. जाळी पसरण्याची, मासळी सुकवण्याची आणि होड्या ओढून ठेवण्याची मोकळी जागा हा गावाचाच भाग आहे आणि सीमा आखताना ती केवळ घरांभोवती आखू नये, ही त्यामागची भूमिका आहे. इमारतीच्या दहाव्या मजल्यावर घर मिळाले तरी तेथे जाळे वाळवता येत नाही, हा साधा मुद्दा आहे.

दाट वस्तीचे दुष्परिणामही गावाने अनुभवले आहेत. मार्च २०२० च्या अखेरीस करोनाचे रुग्ण आढळल्यानंतर वरळी कोळीवाडा संपूर्णपणे बंद करण्यात आला. मुंबईत सर्वप्रथम ज्या वस्त्यांवर असे कडक निर्बंध आले, त्यांत या गावाचा समावेश होता. आरोग्यसेवा, सांडपाण्याची व्यवस्था आणि रुंद वाटा यांची गरज गावकऱ्यांनाही मान्य आहे. मतभेद आहे तो या सुधारणा गाव राखून करायच्या की गाव पुसून, याबद्दल.

सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा घोषित झाला. त्या मासळीवर आणि तिच्या बाजारावर ज्यांचे आयुष्य गेले, त्या समाजाची पुढची पिढी आज नोकरी आणि उच्च शिक्षणाकडे वळते आहे. असे असले तरी नारळी पौर्णिमेला कार्यालयातून रजा घेऊन बंदरावर येणारे तरुण वरळीत कमी नाहीत. त्यांच्यापैकी कितीजण प्रत्यक्ष होडीवर चढतील, हे बंदरासमोरची वाट किती मोकळी राहते, किनाऱ्यालगत मासळी किती उरते आणि जाळी वाळवायला जागा कोठे मिळते यावर ठरेल.