हुतुतूचे मैदान आणि डोक्याचा मार

धानाची मळणी आटोपली की चंद्रपूर आणि 1982 साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या जिल्ह्यांतील झाडीपट्टीत मंडई आणि नाटकांबरोबर गावोगावच्या कबड्डी स्पर्धांनाही बहर येतो. या हौशी खेळात डोक्याला होणाऱ्या दुखापतीकडे इतका काळ दुर्लक्ष का झाले, हे समजण्यासाठी खेळाच्या नियमांचा इतिहास पाहावा लागतो.

महाराष्ट्रात हुतुतू म्हणून रुजलेल्या या खेळाचे जुने तीन प्रकार होते: ‘संजीवनी’त बाद झालेला गडी प्रतिस्पर्धी बाद होताच परत येई, ‘गामिनी’त तो सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे, तर ‘अमर’मध्ये बाद झाल्यावरही मैदानात राही आणि केवळ गुण मोजला जाई. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी ज्याचे प्रात्यक्षिक दाखवले, त्या खेळाच्या आजच्या रूपात संजीवनीचे तत्त्व टिकले. तोंड दाबून दम तोडणे किंवा पायांची कैची घालणे नियमांनी निषिद्ध ठरवले. परंतु चढाई करणाऱ्याचा घोटा धरण्यासाठी कोपऱ्यातील गडी झेपावतो, तेव्हा त्याचे डोके नेमके समोरच्याच्या गुडघ्याच्या उंचीवर येते, आणि ही टक्कर नियमबाह्य नसल्यामुळे पंचांच्या शिट्टीत ती बसत नाही. मातीच्या जागी आलेल्या मॅटमुळे पडण्याचा मार सौम्य झाला, गुडघ्याचा नाही.

अशा टकरीने मेंदूला हादरा बसून त्याचे काम तात्पुरते बिघडते, यालाच ‘कन्कशन’ म्हणतात. त्यासाठी शुद्ध हरपावीच लागते असे नाही. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, गोंधळलेली उत्तरे हीही त्याचीच लक्षणे होत. 2001 मध्ये व्हिएन्ना येथे सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदांच्या मालिकेने, 2022 च्या ॲमस्टरडॅम परिषदेपर्यंत येताना, संशय आला तरी खेळाडूला त्या दिवशी परत उतरवू नये आणि पुढेही टप्प्याटप्प्यानेच खेळू द्यावे, हे सूत्र पक्के केले. कारण पहिला हादरा भरून येण्याआधी बसलेला दुसरा मार, विशेषतः कोवळ्या वयात, जीवघेणा ठरू शकतो.

भामरागडसारख्या तालुक्यांपासून मेंदूविकारतज्ज्ञ फार दूर असल्याने हा निर्णय मैदानावरच, पंच आणि शिक्षकांनी घेणे अगत्याचे आहे. त्यासाठी खर्चिक साधने लागत नाहीत, कारण कबड्डीत बदली खेळाडूंची सोय आधीच आहे: गुणांसाठी संजीवनी खुशाल राहू द्यावी, मात्र डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्या दिवसापुरती गामिनीच लागू करावी, आणि आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धांपासून गावच्या मंडळांपर्यंत प्रत्येक आयोजकाने ती सामन्याआधी जाहीर करावी.