ऑनलाइन व्यवसायाचे खरेदीपूर्व मूल्यांकन

ऑनलाइन व्यवसायाचे खरेदीपूर्व मूल्यांकन म्हणजे एखादे संकेतस्थळ, ई-दुकान किंवा अ‍ॅप विकत घेण्यापूर्वी त्याचे उत्पन्न, ग्राहकसंख्या व मालकी हक्क यांची खरेदीदाराने केलेली पडताळणी होय. अशा व्यवहारात जमीन वा यंत्रसामग्री सहसा नसते. डोमेन नाव, मजकूर, ग्राहकांची माहिती आणि त्यांची सवय यांचीच किंमत मोजली जाते. या सर्वांचे आकडे विक्रेत्याच्याच ताब्यात असल्याने ते मूळ नोंदींपर्यंत जाऊन तपासावे लागतात.

उत्पन्नाची तपासणी

लहान संकेतस्थळाची किंमत बहुधा निव्वळ नफ्याच्या पटीत ठरते; त्यामुळे नफा थोडा फुगवला तरी किंमत बरीच चढते. स्क्रीनशॉट सहज बदलता येतात. म्हणून बँक खात्याचे उतारे, पेमेंट गेटवेचे अहवाल आणि भारतात जीएसटी विवरणपत्रे एकमेकांशी ताडून पाहतात. मालकाच्या स्वतःच्या श्रमाचा मोबदला अनेकदा खर्चात धरलेला नसतो. तो वजा केल्यावर नफा उरतोच असे नाही.

उत्पन्न एकाच स्रोतावर अवलंबून असणे हा वेगळा धोका आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने 'पांडा' हा बदल लागू केल्यावर निकृष्ट मजकुराची अनेक संकेतस्थळे शोधनिकालांत खाली घसरली. एप्रिल २०२० मध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेतील संलग्न विक्रेत्यांचे फर्निचरवरील कमिशन ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणले. दोन्ही वेळी मागील वर्षाचा हिशेब खरा असूनही पुढील उत्पन्नाचा अंदाज चुकला असता.

फ्रँक प्रकरण

जेपी मॉर्गन चेस या बँकेने २०२१ मध्ये विद्यार्थ्यांना शैक्षणिक अर्थसाहाय्याचे अर्ज भरण्यास मदत करणारी 'फ्रँक' ही अमेरिकी कंपनी १७.५ कोटी डॉलरना घेतली. कंपनीने ४० लाखांहून अधिक ग्राहक असल्याचे सांगितले होते. प्रत्यक्षात ते सुमारे ३ लाख होते. बँकेने पडताळणी केली नव्हती असे नाही. तिने त्रयस्थ संस्थेकडून यादी तपासून घेतली, परंतु त्या तपासणीत यादीतील नोंदी मोजल्या गेल्या. त्या नोंदींमागे खरी माणसे आहेत का, हे पाहिले गेले नाही. यादी कृत्रिमरीत्या तयार केलेली होती. खरेदीनंतर सुमारे ४ लाख पत्त्यांवर ईमेल पाठवले असता जेमतेम २८ टक्के पोहोचले. संस्थापक चार्ली जाव्हिस यांना मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात फसवणुकीबद्दल दोषी ठरवण्यात आले.

माहितीची सुरक्षितता

पूर्वी घडलेली माहितीचोरीही किमतीवर परिणाम करते. व्हेरायझनने जुलै २०१६ मध्ये याहूचा मुख्य व्यवसाय ४८३ कोटी डॉलरना घेण्याचे ठरवले. त्यानंतर याहूच्या खात्यांवरील दोन मोठे सायबर हल्ले उघड झाले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये किंमत ३५ कोटी डॉलरनी कमी करण्यात आली.

हस्तांतरण

डोमेन नेमके कोणाच्या नावे नोंदलेले आहे, मजकूर व छायाचित्रांचे हक्क कोणाकडे आहेत आणि जाहिरात व पेमेंटची खाती नव्या मालकाकडे देता येतात का, हे करारापूर्वी पाहतात. ताबा मिळेपर्यंत रक्कम त्रयस्थाच्या एस्क्रो खात्यात ठेवण्याची पद्धत आहे.