आठ आणे रोज, सात आठवडे

बाळंतपणाची पगारी रजा म्हटलं की आपल्याला बँकेतली नाहीतर शाळेतली नोकरी आठवते. पण आपल्याकडे तिचा पहिला कायदा झाला तो कारखान्यात राबणाऱ्या बायकांसाठी. मुंबईच्या कापडगिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून गेलेल्या कितीतरी जणी वाइंडिंग-रीलिंग खात्यात उभ्या असत. वर नाईकीण. तिची मर्जी गेली की काम गेलं. पोट दिसायला लागलं तरी बाई खाडा करायला भ्यायची.

1922 च्या सुमारास सरकारने या बायकांची स्थिती पाहायला डॉ. बार्न्स या डॉक्टरीणबाईंना नेमलं. चाळीच्या खोल्यांतून फिरून त्यांनी लिहिलं की गिरणीतल्या बायकांच्या शेकडा 98 बाळांना अफू दिली जाते. ती बालगोळी! आई दहा तास गिरणीत, मग बाळ रडू नये म्हणून गोळी. अशा आईला अडाणी म्हणणं सोपं होतं आणि पुष्कळांनी म्हटलंही. आम्हाला मात्र त्यात तिचा नाइलाज दिसतो. तिला चार आठवडे घरी बसवायला कोणी तयार नव्हतं.

कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी 1924 मध्ये दिल्लीच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या मदतीचं बिल आणलं, ते फेटाळलं गेलं. मग मुंबईच्या कौन्सिलात आसवले यांनी तसंच बिल मांडलं. 28 जुलै 1928 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे, खर्चाचा मोठा वाटा खरं तर सरकारने उचलावा, पण बायकांच्या कामावर नफा मिळवणाऱ्या मालकालाही हात झटकता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. 1929 मध्ये कायदा झाला. रोज आठ आणे, सात आठवडे.

पैसे एकट्या मालकाने द्यायचे, तेव्हा काही मालकांनी पळवाट काढली. दिवस गेल्याचं कळलं की कामावरून कमी करायचं, किंवा बायका घ्यायच्याच नाहीत. आजही मुलाखतीत ‘लग्न झालंय का?’ विचारतात, त्याची मुळं इतकी जुनी आहेत.

आणि आपलं कोल्हापूर? इथे 1906 पासून शाहू मिल होती, पण आपण संस्थानात. मुंबईचा कायदा इथे आपोआप लागू होत नव्हता. विलीनीकरण 1949 चं. तरी बाळंतिणीच्या बाबतीत आपलं गाव अगदीच मागे नव्हतं. शाहू महाराजांच्या पाठबळावर शिकलेल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, बायकांना तपासत होत्या. परपुरुषाला नाडी दाखवायची नाही असा तो काळ. किती जणी त्यांच्यामुळे दवाखान्याची पायरी चढल्या असतील!

पुढे 1961 चा केंद्राचा कायदा आला, 12 आठवड्यांचा. 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे झाले. मधल्या काळात, 2000 साली, सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या बायकांनाही ही रजा द्यायला लावली. आमच्या मते हा निकाल 26 आठवड्यांहून मोठा, कारण त्यात मस्टरवरची बाई मोजली गेली.

मस्टरच नाही, तिचं काय? इचलकरंजीत घरबसल्या कांड्या भरणारी, किंवा बीडहून आपल्या शिवारात ऊस तोडायला येणारी. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल मुकादमाकडून, मजुरी टनावर, आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. तिचा मालक कोण, हे विचारलं की कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो. बाळ सरीत बांधलेल्या झोळीत, आई मोळी उचलते. तिला लागू पडते ती मातृवंदना योजना, पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये, तेही हप्त्याने. आणि अर्ज भरायचा तर ती सहा महिने गावात नसते.

सध्या हंगाम चालू आहे. तुमच्या गावात टोळी उतरली असेल आणि त्यात कोणी गरोदर किंवा ओली बाळंतीण असेल, तर आशाताईंना तिच्या खोपीकडे घेऊन जा. बाळाच्या लसीला इथलं रेशनकार्ड लागत नाही.